पाचवी

दिवे मालवले आणि साडेनऊला
खापरावरची अंडी फुटायला लागली.
आठ दिवस बाप पंखांनी वारा घालत होता,
मेलेलं अंडं तोंडाने उचलून टाकत होता,
आणि आई, त्याच्या दुप्पट,
घरमालकिणीसारखी कोपऱ्यातून बघत होती.

मी टॉर्च धरला. उजेडाकडे आली सगळी.
दोन डोळे आणि शेपटीचा संशय,
बस, एवढंच शरीर.
आमटीच्या पळीने पाण्यासकट उचलून
काळ्या टबात सोडली.
ती पळी आता स्वयंपाकघरात यायची नाही,
मृदुलाने तिथल्या तिथे जाहीर केलं.

डर्बी. इथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच.
मीठ पिशवीतून येतं, पाणी नळाला,
बादलीत काठीने ढवळून दर शनिवारी मी
चाळीस लिटर समुद्र करतो
आणि विजेच्या मीटरकडे बघत नाही.

खिडकीत लेमोनेडच्या बाटल्या, त्यांत हिरवं पाणी,
त्यावर पोसलेले रोटिफर, धुळीहून बारीक,
आणि त्यांच्यावर ही.
म्हणजे धंदा गवळ्याचा:
पहाटे पाचला रतीब, दुपारी मृदुलाच्या हातून,
रात्री अकराला पुन्हा.

पहिल्या दिवशी दोनशेच्या वर होती.
दुसऱ्या दिवशी तळाला पांढरी भुकटी.
तिसऱ्या दिवशी भुकटी जास्त,
ती बारीक नळीने ओढून बशीत घेतो,
भिंग लावतो,
कुणी चुकून जिवंत आलंय का.

ग्लेनिस कुंपणावरून म्हणाली, किती राहिली, बदका?
(इथे प्रेमाने सगळ्यांनाच बदक म्हणतात.)
म्हटलं, मोजतोय.
समुद्रात कोण मोजतं, ती म्हणाली.
ती मूळची ग्रिम्सबीची. वडील ट्रॉलरवर.
दोरीवरचा एक मोजा काढला, उलटा केला, परत लावला.
माणसं मोजतात, म्हणाली.
चौदा.

पाचव्या रात्री सटवाई येते म्हणतात.
जागं राहावं, दिवा ठेवावा,
कोरा कागद, लेखणी.
मी टॉवेल टाकलेल्या टबाशेजारी
अमोनियाची वही ठेवली, उघडी, वर बॉलपेन.
उगाच.
डेपोत माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत,
त्यांच्यातल्या कुणाला हे सांगणार नाही.

हीटरचा लाल ठिपका, तोच दिवा.
बुडबुडे सावकाश, एकामागे एक.
तीनच्या सुमाराला गल्लीत कोल्हा ओरडला.
मला डुलकी लागली असावी.
वही कोरीच होती.
सकाळी एकतीस.

मग काही दिवस नुसतं काम.
पाणी काढ, पाणी घाल, थेंब थेंब,
चाचणीची नळी उजेडात धर,
पिवळी आहे की हिरवट, मृदुलाला विचार,
ती म्हणते पिवळी, मी म्हणतो हिरवट,
ह्यावरून एकदा आम्ही जेवलो नाही.

नवव्या संध्याकाळी एक जण
पोहता पोहता थबकला. नारिंगी,
जळक्या कडांचा, तांदळाएवढा,
आणि डोळ्यांच्या मागे, जिथे कपाळ असतं तर असतं,
वरून खाली एक पांढरी रेघ.
वहीत नाही, तर इथे लिहिलं होतं तिने!
एकच ओळ.
दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवरही तीच,
अक्षर जरा वेडंवाकडं.

बाराव्या दिवशी त्यांना काचेच्या टाकीत हलवलं.
मृदुलाने न सांगता घुगऱ्या केल्या.
नावं ठेवली नाहीत, ठेवायला जागाही नव्हती.
आत्ता सगळे नरच;
वाढेल, दांडगाई करेल, तो बाई होईल,
तेव्हा बघू.

ग्लेनिस कागदी बशी घेऊन टाकीपुढे वाकली.
वरच्या खोलीत बाप नव्या अंड्यांना
वारा घालायला लागला होता.
ती बोट टेकवून मोजत होती. ती हलतात, चुकतं,
पुन्हा पहिल्यापासून,
ओठांतल्या ओठांत,
बारा, तेरा, चौदा.
तिथे थांबली.
मी घुगऱ्यांची वाटी उगाच इकडची तिकडे ठेवली.
मग बोट काचेवरून
जरासं पुढे सरकलं.
पंधरा.