पिठाची शीळ

चार वाट्या मैदा. आधी एवढंच.
कढई जड हवी, आच मंद हवी
आणि फोन दुसऱ्या खोलीत.
हे तिसरं मला कोणी सांगितलं नव्हतं.
डॅरिलच्या निरोपाला उत्तर देता देता
पहिल्या चार वाट्या काळ्या झाल्या.
शेजारची कुत्री भुंकली.
मानांग पुरिंगने खिडकीतून विचारलं,
"रोडेल, घर जळतंय की पीठ?"
"पीठच. घर अजून आहे."

मित्र सहा. खिशात एकशे वीस पेसो,
त्यातले तीस आत्ताच धूर होऊन गेलेले.
दुकानातल्या भेटवस्तूंकडे
दुमागेतेच्या पोरांनी बघावं, तसं मी बघतो:
बाहेरून, सायकल न थांबवता.

दुसऱ्या खेपेला जागचा हललो नाही.
मैदा भाजताना कितीतरी वेळ काहीच होत नाही.
उलथनं फिरतं पांढऱ्यातून पांढऱ्यात,
हात म्हणतो पुरे, नाक म्हणतं थांब.
आणि मग कधीतरी
(नेमकं कधी ते माझ्या हातून निसटलं)
वास येतो,
दुपारभर उन्हात पालथ्या पडलेल्या होडीसारखा,
रंग कोरड्या वाळूचा होतो.
तेव्हाच गॅस बंद. क्षणभरही लोभ नको.

दुधाची पावडर. साखर. वितळलेलं लोणी.
लोणी कमी पडलं, मार्गारिन ओतलं.
कोणाच्या बापाला कळणार आहे?

साचा नव्हता.
खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण धुतलं,
दहाच्या रेघेपर्यंत पीठ दाबलं,
उपडं केलं, टिचकी मारली.
पहिला मोडला, खाल्ला.
दुसरा मोडला, खाल्ला.
तिसरा मोडत नव्हता, त्याला मदत केली.
त्यानंतरचे एकतीस मात्र उभे राहिले,
बुटके, ताठ, शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत.
बाबा येऊन बघून गेले. म्हणाले,
"दिवसातून तीनदा ना? जेवणानंतर?"

पतंगाच्या कागदात गुंडाळले.
लाल संपला, हिरवा संपला,
शेवटच्या नऊंना जांभळा.

पहाटेची मिसा सुटली तेव्हा अजून अंधारच होता.
बांबूच्या चांदण्या दारोदार लुकलुकत होत्या.
आम्ही सातजण समुद्राच्या कठड्यावर,
पाय पाण्याकडे.
खेळ सगळ्यांना पाठ:
अख्खा पोल्व्होरॉन तोंडात टाकायचा
आणि शीळ घालायची.

केंड्रिकच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही,
तोही गप्प.
जुळ्या बहिणी एकमेकींच्या गालांकडे बघत गप्प.
झायराने डोळे मिटले.
लोक मूग गिळून गप्प बसतात,
आमचं तर गिळवतही नव्हतं.
मैदा टाळूला चिकटला होता,
आणि जे आठवडाभर कोणी बोललं नव्हतं
ते आता बोलायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं:
की नव्या वर्षात ओफेलिन दावावला जाणार,
मावशीकडे, तिथल्याच शाळेत,
की कठड्यावर मग सहाच जण मावतील,
म्हणजे मावतील सातही,
बसतील सहा.

लाट आली, गेली.
मासेवाल्याची मोटरसायकल गेली.

आणि ओफेलिनने शीळ घातली.
बारीक, वाकडी, दोनच सुरांची,
पुढे पिठाचा एवढासा ढग,
दिव्याच्या उजेडात तरंगला, विरला.
"पुन्हा घाल," म्हणायला मी तोंड उघडलं
तर माझाही ढग.

मग खोकला, हसणं, पाठीवर थापा,
एकच पाण्याची बाटली सातजणांत फिरली.
आणि बोलण्याजोगं तोंड झाल्यावर
पहिला शब्द डॅरिलचा:
"मार्गारिन."

उरलेले अकरा ओफेलिनच्या पिशवीत टाकले.
बोटीत मोडतील, ठाऊक आहे.
मोडले तर चमच्याने खा,
हे कागदावर लिहायचं राहिलं.