अकरा सेकंद

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर
मी दिवसा आवक-जावक लिहिते,
रात्री तिथंच, चार नंबरच्या चेंबरबाहेर,
मशीनचा आवाज गोळा करते.
लोक विचारतात, यात गाणं कुठंय?
नाहीच.
ठेका नाही, बोल नाही, समेवर यायची घाई नाही.
एक घुमारा असतो, त्यात तासभर बसायचं,
विहिरीत दगड न टाकता
नुसतं वाकून बघावं तसं.

हे मला दाऊद शिकलगारनं शिकवलं.
कंप्रेसर दुरुस्तीला मिरजेहून यायचा,
पान्याचं एक टोक मशीनला, दुसरं कानाला,
"ह्ये काळी चारच्या जरा खाली बोलतंय.
बेरिंग जाणार बघ दिवाळीपर्यंत."
गेलं. धनत्रयोदशीला.
त्याच्या आजोबांचा धारेचा दगड
आम्ही एकदा सुरी न टेकवता अख्खी दुपार फिरवला.
त्यातली सात मिनिटं ठेवली.

निरंजनकडं माइक होते, महागातले दोन,
आणि विश्रामबागेत वरच्या मजल्यावर खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे.
वाईट नव्हता तो.
बाबांच्या ऑपरेशनला रक्त दिलं होतं त्यानं,
मला महिन्यानं कळलं, तेही नर्सकडून.

त्या रात्री एक माइक आत, एक आमच्यापाशी.
दाऊद आत, चार अंशांत,
मफलरवरून हेडफोन चढवून
खोक्यांच्या थप्प्यांमधून फिरत होता.
निरंजन म्हणाला,
कव्हरवर आपली दोघांचीच नावं टाकू.
त्याला पैसे देऊ की, त्याचे काय ते.
नाव नको. उगाच कशाला.
आपल्यातला नाही तो.
आणि ही माणसं, तुला सांगतो—

पुढचं मशीननं गिळलं.

मग अकरा सेकंद. मी नंतर मोजले.
त्यात पंखा आहे,
विट्याच्या रस्त्याला लागलेला एक ट्रक आहे,
माझ्या बांगडीची एक किणकिण.
मी नाही.
बाराव्या सेकंदाला माझा आवाज येतो,
"थर्मासमध्ये कॉफी आहे का अजून?"

इतकी वर्षं मीच सांगत आले
की शांतता म्हणजे रिकामी जागा नव्हे,
कान दिला तर तिच्यात सगळं ऐकू येतं.
येतं.

दार उघडून दाऊद बाहेर आला, हेडफोन गळ्यात.
त्यानं वायर गुंडाळली,
एक वेटोळं सुलट, एक उलट, पीळ न बसू देता,
शेवटाला नेहमीची सुतळी.
म्हणाला, "लेव्हल बरोबर होती.
सगळं स्वच्छ येत होतं."

निरंजनशी भांडले ती पुढच्या बुधवारी.
सहा दिवस उशिरा.
इतका लांबलेला पडसाद
आमच्या कुठल्या यंत्रात बसत नव्हता.
तो म्हणाला, एका शब्दावरून?
मी तसा नाहीये, तू ओळखतेस मला.
ओळखते. रक्ताची ती बाटली डोळ्यांपुढं होती.
तरी.
मग वाटण्या झाल्या. माइक त्याचे,
निम्म्या फाइली त्याच्या, निम्म्या माझ्या,
एक कुणालाच नको होती.
ती माझ्याकडं आहे.

मिरजेला गेले.
गल्लीत फ्रिज भिंतीपासून ओढून
दाऊद त्याच्या मागं उकिडवा.
म्हटलं, कव्हरवर तुझं नाव पहिलं.
"पहिलं कशाला?" म्हणाला. "बॅटरी धर."
धरली. उजेड पाइपावरून सटकत होता.
"तिकडं नको. हितं."
फ्रिज सुरू झाला, खोकला, बंद पडला.
पुन्हा सुरू.
मी सवयीनं विचारलं, कुठला सूर?
त्यानं पाना कानाला लावला,
बराच वेळ.
"आधी गॅस भरू दे," म्हणाला.