शेरा

टेसाने विचारलं ते इंधनाच्या पंपापाशी,
शिडीवर चढून, पंखातल्या टाकीत काठी बुडवत,
माझ्याकडे न बघता:
"कॉलेज करू, की तास जमवू?"

मी काठीवरची ओल बघितली.
अकरा गॅलन.
तेवढंच मला त्या क्षणी नक्की ठाऊक होतं.

नेब्रास्कात मार्चचा वारा कुणाला विचारून येत नाही.
धावपट्टी एक, दोन्ही अंगांना मक्याची खुंटं,
पलीकडे धान्याचं उंच कोठार,
आणि तिथे वजनकाट्यावर ड्वेन कुचेरा.
बावीस वर्षं मोठी विमानं चालवली त्याने,
डिग्रीवाचून.
मग एका तपासणीत
हृदयाची रेघ कागदावर जरा वाकडी निघाली.
तेवढ्या वाकड्या रेघेने सगळं आकाश खोडलं.
नव्या नोकरीच्या अर्जात
'शिक्षण' ह्या रकान्यापुढे तो बराच वेळ बसला होता म्हणे.
"ढगांनी मला कधी सर्टिफिकेट मागितलं नाही," तो सांगतो,
आणि ट्रकचा आकडा लिहून झाल्यावर:
"पण पेन्शनही दिलं नाही."

माझ्याकडे आहे पदवी. भूगर्भशास्त्राची.
चार वर्षं दगड फोडले, तेरा वर्षं कर्ज फेडलं.
विमान कंपनीने मुलाखतीत त्या ओळीवर खूण केली
आणि मला घेतलं नाही,
वेगळ्याच कशासाठी तरी.
पण प्लॅट नदीवरून जाताना
मला अजून दिसतं, पाणी पूर्वी कुठून वाहायचं.
वाळूतली जुनी वळणं, पुसट, म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारखी.
ते तास कुठल्या वहीत मांडायचे?

हिशेब तिने केलाच होता, पावतीच्या पाठीवर.
पंधराशे तास.
विमानविद्येची पदवी असेल तर हजारात भागतं,
पण ती पदवी म्हणजे घराएवढं कर्ज.
आणि जो आधी लागला तो जन्मभर आधी:
एक वर्ष उशीर, म्हणजे
प्रत्येक नाताळ दुसऱ्याच्या मर्जीने.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात.
इथे हातचं कुठलं आणि पळतं कुठलं
हेच कळत नव्हतं.

कुंपणाबाहेर ट्रकमध्ये तिची आई, मॅरलिस,
नर्सिंग होमच्या गणवेशात, डबा मांडीवर.
एकोणीस वर्षांपूर्वी तिने अर्धं कॉलेज केलं होतं.
अर्ध्याला कुठे रकाना नसतो.
ती आमच्याकडे बघत नव्हती.
वाऱ्याची पिशवी बघत होती.

मग आम्ही उडालो.
बोललो फक्त उंची, वेग, दिशा.
परतताना वारा डावीकडून, बारा नॉट,
टेसाने नाक वाऱ्यात तिरकं धरलं,
डावा पंख किंचित खाली,
मी हात मांडीखाली दाबून बसलो
(शिकवण्यातला सगळ्यात अवघड भाग हाच).
डावं चाक टेकलं.
थोडा वेळ आम्ही एका चाकावर होतो,
ना उडत, ना उतरलेले.
मग उजवं. मग नाक.

टेबलावर तिने वही उघडली,
तारीख, विमानाचा नंबर, एक पूर्णांक दोन तास.
शेवटच्या अरुंद रकान्यात, 'शेरा' लिहिलेल्या,
बारीक अक्षरात:
"वारा डावीकडून. विचारलं. सरांना माहीत नाही."

मी पुन्हा वाचलं.
खोडण्यासारखं काही नव्हतं.
खाली सही केली,
परवान्याचा नंबर घातला.
बाहेर मॅरलिसने हॉर्न दिला, एकदाच.