वळणाच्या आधी

शाळेच्या वळणाआधी
इडवल आज रस्ता लिहितोय.
वर आमच्या भाषेत : आरव.
खाली इंग्रजीत : स्लो.
अर्थ एकच, म्हणतात.
मला तसं वाटत नाही.

आरव म्हणजे सावकाश. धुकं उतरतं तसं,
किंवा बर्फातून दूध घेऊन येणारा
बेडवरचा ट्रॅक्टर.
स्लो मात्र कशालाही चिकटतो,
उन्हातलं डांबर तळव्याला चिकटावं तसा.
चॅपेलचं घड्याळ सहा मिनिटं मागे, ते स्लो.
मार्चमधली दुकानातली दुपार,
एकच टपालतिकीट खपलं, तीही.
माझ्या सायकलची हवा रात्रभरात
कुणाला न सांगता निघून जाते,
तो पंक्चरसुद्धा.
आणि देव. देव रागवायला स्लो,
मंदक्रोध, असं पाद्री सांगायचे,
तेव्हा बाकावर इडवल ताठ व्हायचा :
म्हणजे देव माझ्याच वर्गातला!

कारण प्रॉसरबाईंनी त्याच्या वहीत
तांबड्या शाईनं हीच चार अक्षरं लिहिली होती.
घरी ती कुणी मोठ्यानं वाचली नाहीत.
आईनं रश्श्याखालची आच आणखी बारीक केली,
म्हणाली, घाई केली की
मांस हाड सोडत नाही.

रस्त्यावरची अक्षरं ताणून काढावी लागतात,
माणसाच्या दीडपट लांब.
जवळ उभं राहिलं तर नुसते पांढरे पट्टे,
लांबून येणाऱ्यालाच नीट लागतात.
प्रॉसरबाई फार जवळ उभ्या होत्या, बहुतेक.

गरम रंगावर तो काचेचे मणी पेरतो,
बी पेरावं तसे, मूठ सैल सोडून.
मागे लॉरीवाला हॉर्न देतो,
मग खिडकीतून हाका मारतो.
इडवल ओ देत नाही.
तो ओ काढतोय.
वाटोळं काही काढायला वेळ लागतो.

शाळा बंद होऊन चार वर्षं झाली.
आत आता सुट्टीवर आलेली माणसं राहतात,
फळ्यावर नाश्त्याच्या वेळा.
मग कुणासाठी रे? मी विचारलं.
त्यानं डबा उचलला, दुसरीकडे ठेवला.

तेवढ्यात कुंपणातून एक मेंढी आली
आणि पुरत्या न धरलेल्या रंगावरून,
ओच्या मधोमध,
खुरांचे दोन ठसे उठवून गेली.
पुसायचे का?

इडवल विचार करू लागला.
मी थांबले.
लॉरीही.