पाठच्या चाकाचं माप

स्टिअरिंगवरचा बिल्ला तीन वर्षं
एक वाजल्यासारखा उजवीकडे कललेला
आणि गाडी नाकासमोर.
मी म्हणायचे, पोचतेय ना, झालं तर.
सिग्नलला रिक्षावाले काच वाजवून सांगायचे,
ताई, गाडी खेकड्यागत चाललीय.

दोन हजार दोनची एस्टीम.
हिची कंबर मीच बसवली,
बेचाळीस डबे डिकीत, नेरूळ ते महापे,
शनिवारी निम्मे.
गेल्या महिन्यात मागचे शॉक बदलले, बुश बदलले,
डावा आर्म नवा घातला,
आणि गाडी होती त्याहून वाकडी झाली.

वाशीच्या काचेच्या दुकानात
पडद्यावर लाल आकडे उमटले.
पोरगा म्हणाला, पुढचं करून देतो मॅडम,
मागचं ह्या गाडीला होतच नाही.
आठशे घेतले, कागद दिला.
कागद अजून आहे. त्याच्या पाठीवर
कांद्याबटाट्याचा हिशेब आहे.

तुर्भ्याला, मार्केटच्या मागल्या गल्लीत, तांडेल.
दिवाळे कोळीवाड्यातला.
बापाची होडी थोरल्याकडे गेली,
याच्या वाट्याला जाळ्याचा नायलॉन.
तोच दोरा चार खुंट्यांना बांधून
त्यानं गाडीच्या दोन्ही अंगांनी ताणला,
बोटानं छेडून बघितला.

मग विचारलं, रोज पाठी काय असतं?
डबे.
किती किलो?
कधी तोललं नव्हतं. आमटी, भात, पोळ्या,
स्टीलचे कप्पे… साठेक.
तेवढं ठेवा मग.
रिकाम्या गाडीचं माप घेऊन काय करू,
रिकामी चालवता का कधी?

तांदळाची दोन पोती आणली, तीस-तीसची.
हमाल हसला, दोन गल्ल्यांवर न्यायला गाडी?
डिकी खाली बसली. दोरा होता तिथंच राहिला.

स्टीलची पट्टी, एक डोळा मिटलेला.
रिमच्या पुढच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत,
रिमच्या मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत.
डावं आत बघतंय, तो म्हणाला,
उजवं बाहेर.
दोघं मिळून शेपूट उजवीकडे नेतायत,
तुम्ही पुढून सांभाळताय.
होडीला सुकाणू कुठं असतं? पाठीच ना?

बोल्ट गंजलेला. रात्रभर डिझेल प्यायला होता
तरी तिसऱ्या हिसक्याला करकरला.
खडूची खूण. तिरका वॉशर एक रेघ फिरला,
अजून अर्धी, मग पाव मागं.
गाडी खाली घे, पुढं ढकल, मागं ढकल,
डिकीवर बसून दोनदा हलव.
परत दोरा. परत पट्टी.
सव्वा अकरा ते दोन, तीन मिलिमीटरसाठी.

मी म्हटलं, आवळून टाका आता,
जॅकवर आहे तोवर.
खालून आवाज आला, नाय.
हवेत आवळलं की रबर तसंच धरतं.
गाडी भुईवर आली तरी पीळ सोडत नाय,
मग आतल्या आत फाटतं, वरून दिसत नाय.
ओझ्यासकट, चारी चाकांवर उभी असतानाच
शेवटचा आवळा.

मी स्टुलावर बसले होते. चहावर साय धरली होती.
मला एक आठवलं.
ते इथं लिहीत नाही.

तो खड्ड्यात उतरला. पाना दोनदा टक् टक् झाला.
दोरा त्यानं रंगाच्या रिकाम्या डब्यावर गुंडाळला,
गाठ मारली नाही, टोक नुसतं खोचलं.

संध्याकाळी पाम बीच रोड.
बिल्ला बरोबर बाराला.
गाडी सरळ, आणि माझे हात
जुन्या सवयीनं उजवीकडे ओढतायत.
दुभाजकाची झाडं जवळ येतात, मी सोडते,
परत ओढतायत.
हातांना खडूची खूण कुठं करायची?

पाचशे झाले की दाखवून जा, तांडेल म्हणालाय.
सोसायटीत लावली तेव्हा नऊ झाले होते.
पोती उतरवायची राहिलीच,
राहू देत, सकाळी डबे तिथंच ठेवायचेत,
मग उतरवीन.