कोरा रकाना

कर्जाच्या अर्जात एक रकाना होता :
व्यवसायाचा पूर्वानुभव.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, "काहीच नाही?"
"हळद दळता येते," म्हणालो,
आणि रकाना कोराच ठेवला.

आता कुपवाडला चक्की आहे,
पिवळ्या पापण्यांची एकवीस माणसं,
आणि रात्री गल्ला जुळवताना वाटतं,
लिहायला हवं होतं :
खजिनदाराचा मदतनीस, गावभागातलं आमचं मंडळ,
इयत्ता नववी.

त्या वर्षी वर्गणीत साडेसतरा रुपये आले.
कमी नव्हे, जास्त.
पोरं म्हणाली, बरंच झालं की, भेळ आणू.
सुकुमार मगदूम तेवढा हलला नाही.
"जास्त आले म्हणजे
कुणाचं तरी नाव गेलं."
मंडपामागं बसवलं मला, मांडीवर पावतीपुस्तकं.
आई दोनदा बोलवून गेली.
बारा वाजता सापडली ती :
कार्बन उलटा घातलेला, स्थळप्रत पांढरीफटक.
बल्बखाली तिरकी धरली
तेव्हा पेनाच्या दाबाचे चर दिसले.
शिसपेन आडवी फिरवत गेलो
आणि हळूहळू उमटला
दस्तगीर मुल्लाणी, सायकल दुरुस्ती.
गल्ल्यात होते तेवढे सगळे दिले होते त्यानं.

सगळेच काही शहाणे निघाले नाहीत.
धनपालनं त्याच पुस्तकांवरनं भिशी काढली
आणि एका पहाटे गाव सोडलं.
वरच्या गल्लीशी झालेली मारामारी
माझ्या भुवईत अजून आहे.

मग तो पूर.
आयर्विनला किती, आयर्विनला किती,
एवढंच बोलत होतं शहर.
कुणी कुणाला फोन केला नाही,
तरी जमलो. पोटं सुटलेली, गुडघे गेलेले,
मंडपाचे जुने वासे, जुनाच दोर,
गाठ मारताना हातांना आठवत गेलं.
माणसं माझ्या गोदामात आणली,
हळदीच्या पोत्यांवर निजली, सकाळी पिवळी उठली.
मी वही धरली. एक्याऐंशी नावं.
तिसऱ्या रात्री जेवणं झाली
आणि एक ताट उरलं.
"असू दे, सकाळी कुत्र्याला घालू," कुणीतरी म्हणालं.
सुकुमारनं माझ्याकडं बघितलं.
मी वही उघडली.

हौसाक्का शेळीसाठी परत गेली होती,
संध्याकाळच्या नावेनं, कुणाला न सांगता.
पत्र्यावर बसलेली सापडली, शेळी पदराखाली,
आणि आम्हालाच शिव्या, की उशीर केला.

कालच पोरं आली वर्गणीला.
मोबाईल पुढं केला, "काका, स्कॅन करा."
केलं. म्हणालो, पावती?
एकमेकांकडं बघून हसली,
मग गाडीच्या डिकीतून पुस्तक निघालं, कोपरे भिजलेलं.
त्यातल्या सगळ्यात लहानग्यानं
लिहायच्या आधी
कार्बन नखानं खरवडून बघितला,
कुठली बाजू काळी.