दोन्ही बदलाव्या लागतात

डुलुथला जानेवारीत लोखंडसुद्धा आखडतं.
उणे सत्तावीस. सात वाजता फोन:
"गॅरेजमध्ये कुणीतरी गोळी झाडली."
मग थोडं थांबून,
"कुणी नाहीये. मी पाहून आले."

मला इथूनच कळलं, स्प्रिंग तुटली.
थंडीत त्या अशाच जातात,
पहाटे, कुणी हातही लावलेला नसताना.

टेकडीवरचं घर, अठ्ठावन्न सालचं.
खाली सरोवरातून वाफा निघताहेत.
दार लाकडी, माणसाला न जुमानणारं,
खालच्या कडेला उंदरांनी दरवाजा केलेला, त्यांच्यापुरता.
रबराची पट्टी हात लावताच
शिळ्या भाकरीसारखी मोडली.

इंपी साल्मेला, वय ब्याऐंशी,
नवऱ्याचा कोट, स्वतःची टोपी.
मला पोरा म्हणते. मी छप्पन्नचा.

दारावरच्या दांड्यावर दोन स्प्रिंगा:
डावी मधोमध तुटलेली, तीन बोटांची फट,
उजवी शाबूत, गंजानं काळीतांबडी.
भिंतीवर पेन्सिलीत नवऱ्याचं अक्षर:
तेल, ऑक्टोबर ७१.
तेल, ऑक्टोबर ७२.
केबल बदलली. नख गेलं.
तेल. तेल. तेल.
दोन्ही स्प्रिंगा नव्या, ९४.
तेल, २०१०.
त्याखाली दुसरं अक्षर, वळणदार:
तेल, २०११. गोडं.

गोडं म्हणजे?
"स्वयंपाकघरातलं. त्याचा डबा सापडला नाही."

म्हणजे चौदा हिवाळे हे रोलर
फोडणीच्या तेलावर चालले.
धूळ बसून बसून पाक झालाय,
सुरीनं खरवडला तर वडी पडते.
मी हसलो नाही. हसायला आलं होतं.

सांगितलं: रोलर दहाही नवे, केबल दोन्ही,
बिजागऱ्यांतल्या तीन, खालची पट्टी,
आणि स्प्रिंगा दोन्ही.
"दोन्ही का? उजवी तर धड आहे."
एकाच दिवशी बसवल्यात, बाई. सारखंच उचललंय दोघींनी.
एक गेली की दुसरीचा भरवसा नाही.
दोन्ही बदलाव्या लागतात, असा नियमच आहे.

ती उजवीकडे बघत राहिली.
"ताइस्तो गेल्याला चौदा वर्षं झाली,"
ती म्हणाली. "मला कुणी बदललं नाही."

पंचवीस वर्षांच्या धंद्यात
या वाक्याला उत्तर शिकवलेलं नाही.
मी पिशवीतले पाने मोजले. पुन्हा मोजले.

तुटलेली आपोआप सैल असते.
धडधाकट असते तीच हात तोडते:
तिच्यात अजून सगळा जोर गुंडाळून बसलेला.
दोन सळया, आधी एक, मग दुसरी,
तोंड बाजूला, श्वास बेतानं,
पाव पाव वेढा करत तिला सोडवलं.
शेवटच्या पाव वेढ्याला
ती इतकी हलकी झाली, की मीच दचकलो.

मग नव्या चढवल्या. साडेसात वेढे प्रत्येकीला.
बोटं बधिर. इंपीनं कॉफी आणली,
कपाच्या तळाशी जाड साखर, न विचारता.

शेवटची परीक्षा साधी असते:
मोटर सोडवायची, दार हातानं
कमरेइतकं उचलायचं, आणि हात काढायचा.
तोल नीट असेल तर राहतं तिथंच.
राहिलं.
खालून बर्फाचा उजेड आत आला, गुडघ्यांपर्यंत,
कोटाची खालची बटणं चमकली.

"तू धरलं नाहीयेस?"
नाही.
ती वाकली, एका बोटानं दार ढकललं.
वर गेलं. तिनं पुन्हा खाली ओढलं.
पुन्हा वर. मी सामान भरत होतो,
आणि ती नव्या स्प्रिंगांच्या मोजक्या हजारांतले
सहा-सात उगाच खर्चत होती.

जाताना म्हणाली, तुटलेली घेऊन जा.
उजवी राहू दे इथं.
कशाला, ते मी विचारलं नाही.
भिंतीला टेकून ठेवली, पेन्सिलीच्या खाली.

तेलाचा एक डबाही ठेवला, बिलात न धरता,
आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:
खायचं नाही.